उकळून गार केलेलं पाणी

मावशीला सगळा दवाखाना ‘उकळमावशी’ म्हणायचा, आणि तिच्या तोंडावर म्हणायचा. ऑपरेशनची हत्यारं धुवायची, उकळायची, वाफेच्या यंत्रात घालायची, कापडात गुंडाळून वर तारीख टाकायची, हे काम तिनं एकतीस वर्षं केलं. तिच्या हाताखालून गेलेल्या एकाही चिमट्यानं कुणाची जखम चिघळली नाही, असं मोठे सर्जन तिच्या निरोपाच्या दिवशी म्हणाले, आणि ते उगाच गोड बोलणाऱ्यातले नव्हते. तेव्हापासून स्वच्छतेच्या बाबतीत मावशीपुढे ब्र काढायची कुणाची टाप नव्हती. घरात प्यायचं पाणी उकळलेलं, भाजी धुवायचं पाणी उकळलेलं, आणि पाहुण्यानं तोंड लावलेला पेला उकळत्या पाण्यातून काढलेला. पाहुणे एकदा येत. दुसऱ्यांदा जरा विचार करून येत.

नवरा लेथवरचा कारागीर. कारखान्यात त्याला ‘मायक्रॉन’ म्हणत, कारण केसाच्या जाडीएवढी चूकही त्याला खपायची नाही. बोलणं मोजकं. निवृत्त झाला आणि महिन्याभरात त्यानं बाहेरच्या खोलीत काचेची टाकी मांडली, तळाला काळी वाळू, थोडं शेवाळ, कोपऱ्यात बुडबुडे सोडणारा स्पंजाचा फिल्टर, आणि त्यात बारा लाल कोळंब्या सोडल्या. एकेक बोटाच्या पेराएवढी.

“कोळंबी ताटात असते हो, टाकीत कशाला?” मावशी म्हणाली.

“टाकीत आहे म्हणून वाचली. नाहीतर तू उकळली असतीस.”

वर्षाला एखादा विनोद करायची त्याची पद्धत होती. त्या वर्षीचा तेवढा झाला.

पाच वर्षांत बाराच्या दोनशे झाल्या. फिकट निघालेली पिल्लं तो वेगळी काढून दुकानदाराला देऊन टाकी, गडद तेवढी ठेवी. असं करत करत असा लाल रंग साधला होता की दुकानदार स्वतः बघायला घरी आला. मावशीनं मात्र या पाच वर्षांत टाकीबद्दल एक प्रश्न विचारला नाही. गॅलरीत नळाच्या पाण्याची बादली दोन-दोन दिवस उघडी पडलेली असते, एवढंच तिला माहीत होतं, कारण त्या बादलीवरून ती दर आठवड्याला बोलायची. तो ऐकून घ्यायचा आणि त्यातलं तांब्याभर पाणी टाकीत घालायचा. एवढंच. बाकी दिवसभर नुसता बघत बसायचा. बघत बसण्यालाही काम म्हणतात हे मावशीच्या डोक्यात कधी शिरलं नाही.

मग एका सकाळी दात घासता घासता तो खाली बसला तो उठलाच नाही. उजवं अंग गेलं. वाचा गेली. म्हणजे सगळी गेली असती तर परवडलं असतं. एक शब्द तेवढा मागे राहिला, आणि तो शब्द होता ‘आणि’.

भेटायला येणारे खाटेशी वाकून बसत. “आणि,” तो म्हणे. “हं, आणि काय?” ते विचारत, आणि पुढच्या शब्दाची वाट बघत. तो शब्द येत नसे. त्याच्या डोळ्यांना पाणी येई आणि पाहुण्यांना एकदम घरची कामं आठवत. हो-नाहीची मानही धड उरली नव्हती. हो म्हणायचं असलं की कधी आडवीच जाई, आणि मग तो स्वतःवरच चिडे. मावशीनं त्या एका शब्दाचं व्याकरण बसवलं. तुटक ‘आणि’ म्हणजे पाणी. लांबवलेला म्हणजे कूस बदला. दोन जोडून आले की भांडं आणायला धावायचं. बाकी जगाला ती भाषा येत नव्हती आणि मावशीला तिचा थोडा अभिमानही होता, खोटं कशाला बोला.

पहिला महिना तो भिंतीकडे तोंड करून पडून होता. घास भरवला तर बाहेर काढी. शेवटी मावशीनं शेजाऱ्याला हाताशी घेऊन खाट फिरवली आणि टाकीसमोर लावली. त्या दिवशी त्यानं अर्धी वाटी पेज घेतली. व्यायाम करून घ्यायला येणारी मुलगी आठवड्यानं म्हणाली, “मावशी, काका टाकीकडे बघताना मान सावरतात, बघितलंत? नुसता पडून असायचा तो डावा हातही आता आपणहून हलवतात. ती टाकी हेच त्यांचं औषध समजा.”

मावशीनं ते वाक्य डॉक्टरच्या चिठ्ठीसारखं शिरोधार्य मानलं. नवऱ्याला बरं करणं तिच्या हातात नव्हतं. टाकी होती. इथपर्यंत सगळं ठीक होतं.

तिनं चष्मा लावून औषध नीट बघितलं. काचेवर हिरवी साय, शेवाळात घाण, आणि स्पंज दाबला तर त्यातून गटारासारखं तपकिरी पाणी. ऑपरेशनच्या खोलीत आयुष्य काढलेल्या बाईला हे कसं बघवणार? गॅलरीतली बादली तिनं आधी ओतून दिली. मोठ्या पातेल्यात पाणी खळखळा उकळलं, झाकून गार केलं. टाकीतलं अर्धं पाणी काढून हे घातलं. काचा घासल्या. स्पंज दहा मिनिटं उकळला, घड्याळ लावून.

“आणि!” खाटेवरून आवाज आला. “आणि आणि आणि!”

तिनं भांडं दिलं, नको. पाणी दिलं, नको. कूस बदलली, उशी उंच केली, अंगावरचं पांघरूण काढलं, परत घातलं. त्याचा डावा हात खाटेच्या कठड्यावर आपटत होता. “अहो, तुमच्यासाठीच करतेय ना सगळं?” असं म्हणून तिनं त्याचं तोंड पुसलं.

तिसऱ्या दिवशी वाळूवर पाच-सहा कोळंब्या पडलेल्या दिसल्या. पांढुरक्या, आरपार दिसणाऱ्या, निर्जीव. मावशीला त्या मेलेल्याच वाटल्या. खरं तर त्या कोळंब्या नव्हत्याच. कोळंबी वाढते तशी अंगावरची कात टाकते, अगदी मिशांसकट, आणि ती रिकामी कात बाकीच्या खातात, कारण नवी कात घट्ट व्हायला लागणारा चुना त्यात असतो. हे मायक्रॉनला ठाऊक होतं. मावशीला कोण सांगणार? तिनं चिमट्यानं एकेक कात उचलली, कागदात गुंडाळली, बाहेर टाकली, आणि साथ आली असं समजून दुसऱ्यांदा पाणी उकळलं.

मग आठवड्यातून दोनदा. मग तीनदा.

आता खऱ्याच मरू लागल्या. सकाळी उठावं तर दोन आडव्या, दुपारी आणखी तीन. मानेमागे दोरा बांधल्यासारखी पांढरी रेघ, आणि कात अर्धी निघालेली, अर्धी अडकलेली. मावशी जितकी जास्त उकळी तितक्या जास्त मरत, आणि जितक्या जास्त मरत तितकी ती जास्त उकळी. दुखणं म्हशीला आणि डाग पखालीला, दुसरं काय!

मायक्रॉनचा आक्रोश चालूच होता. एका दुपारी ती गार पाण्याचं पातेलं घेऊन आली तेव्हा त्यानं आपटणं थांबवलं. डावा हात हवेत धरला, बोटं वळवून मूठ केली, आणि ती मूठ सावकाश फिरवली. एकदा, परत एकदा. तिच्याकडे बघत, पातेल्याकडे बघत, परत फिरवली.

मावशी खाटेच्या कडेला टेकली. तिला भरून आलं. लेथचं चाक! माणूस इतका अडकलाय तरी हाताला काम आठवतंय. “कारखाना आठवतोय होय?” ती म्हणाली, आणि त्याची मूठ आपल्या हातात घेऊन थोपटत त्याच्या जुन्या मशीनबद्दल, डबा खायच्या जागेबद्दल, फोरमनच्या खोकल्याबद्दल बोलत राहिली. त्यानं मूठ काढून घेतली. मान भिंतीकडे वळवली. संध्याकाळी पेज घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं एक मेलेली कोळंबी बाटलीत घातली, दुसऱ्या बाटलीत टाकीतलं पाणी घेतलं, दोन्हींवर तारीख टाकली, आणि दुकान गाठलं. दुकानदारानं काही थेंब घालून पाणी तपासलं, परत तपासलं, आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“वहिनी, यात चुना जवळजवळ नाहीच. साहेबांचं पाणी असं नसायचं. कुठलं पाणी घालताय?”

“उकळून गार केलेलं,” मावशी म्हणाली. आयुष्यभर हे उत्तर तिनं ताठ मानेनं दिलं होतं.

“उकळून?” त्यानं बाटली खाली ठेवली. “पातेल्याच्या बुडाला पांढरा थर धरतो का?”

“धरतो की. घासून काढते मी रोज.”

“तोच चुना. तोच त्यांना लागतो कात घट्ट करायला. तुम्ही घासून टाकत होता.” मग त्यानं स्पंजाचं विचारलं आणि उत्तर ऐकून डोळे मिटले. “वहिनी, त्यात जंतू असतात, घाण पचवणारे. जंतूसुद्धा लागतात हो.”

एकतीस वर्षं जे शत्रू म्हणून मारले, त्यांची बाजू कुणी घेईल असं मावशीला वाटलं नव्हतं. तिनं काउंटरची कड धरली. “मग काय घालायचं?”

“नळाचं पाणी. साहेब घालायचे तेच. बादलीत भरायचं, दोन दिवस उघडं ठेवायचं म्हणजे त्यातलं क्लोरीन उडून जातं, आणि तांब्याभर घालायचं. बास.”

नळाचं. तिनं आपली मूठ समोर धरली आणि हवेत फिरवून बघितली. दुकानदाराला वाटलं बाईंना चक्कर येतेय, म्हणून त्यानं स्टूल पुढे केलं.

“आता अजून काय करू?” तिनं विचारलं.

“काही करू नका.”

“काही करू नका म्हणजे काय करू?”

त्याला हसू आलं, पण तिचा चेहरा बघून त्यानं ते गिळलं. “ज्या वाचतील त्या वाचतील, वहिनी. एकदम बदल केलात तर उरलेल्याही जातील.”

घरी येऊन तिनं नळ सोडला, बादली भरली आणि खाटेसमोर आणून ठेवली. “हेच ना? हेच सांगत होता ना?” मायक्रॉन बादलीकडे बघत राहिला आणि मग लहान मुलासारखा रडला. मावशीच्या व्याकरणात त्या रडण्याला जागा नव्हती.

पण चूक कळली म्हणून ती उलटत नाही. कोळंब्या मरत राहिल्या, कारण ज्या काती घडायच्या त्या आधीच बिघडून बसल्या होत्या. मावशी हात मांडीखाली दाबून टाकीसमोर बसे. आयुष्यात तिनं इतकं अवघड काम केलं नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात टाकीत एकच मादी उरली. गडद, मोठी, आणि पोटाखाली पिवळ्या अंड्यांचा घोस.

“अंडी आहेत?” दुकानदार फोनवर ओरडलाच. “मग नर नसला तरी चालेल. ती तेवढी टिकू दे आणि पिल्लं निघू देत. साहेबांचा पाच वर्षांचा रंग त्या अंड्यांत आहे.”

आता दोघं मिळून बघत. तो खाटेवर, ती खुर्चीवर, तिचा खांदा त्याच्या उशीला लागलेला. लग्नाला चाळीस वर्षं झाली होती आणि एका गोष्टीकडे दोघांनी मिळून इतका वेळ कधी बघितलं नव्हतं. मादी पोटाखालचे बारीक पाय सारखे हलवून अंड्यांना वारा घाली. तो पेज घेऊ लागला. अंड्यांत काळे ठिपके आले तेव्हा मावशीनं भिंग आणून त्याला दाखवलं. “डोळे आलेत,” ती म्हणाली. आता आठवडाभराचा प्रश्न होता.

चौथ्या दिवशी दुपारी मादी शेवाळावर वाकडी झाली. मानेमागे पांढरी रेघ. मावशीनं डोळे चोळून परत बघितलं, रेघ होतीच. कात फाटली होती, पण डोकं सुटत नव्हतं. ती झटका देई, थांबे, परत झटका देई.

मावशी स्वयंपाकघरात धावली. बारीक चिमटा काढला, भांड्यात टाकला, वर पाणी घातलं, गॅस पेटवला आणि उकळी येण्याची वाट बघत उभी राहिली. मिनिटभरानं तिला आपण काय करतोय ते कळलं. तिनं उकळू लागलेल्या पाण्यातच बोटं घालून चिमटा उचलला आणि तशीच बाहेर पळाली.

टाकीत हात घालणार तोच मायक्रॉननं तिचं मनगट धरलं. डाव्या हातात एवढं बळ असेल असं तिला वाटलं नव्हतं.

“सोडा! अलगद काढते. माझा हात हलका आहे, सोडा!”

त्यानं सोडलं नाही. चिमट्यानं कात ओढली तर आतली कोळंबी तुटते हे त्याला माहीत होतं, आणि हे सांगायला त्याच्याकडे ते मनगट धरण्याखेरीज काही नव्हतं. तिला या वेळी कळलं. चिमटा फरशीवर पडला, आणि ती तशीच खुर्चीत टेकली.

दोघं बघत राहिले. झटके कमी झाले. मग थांबले. पोटाखालचे पाय मात्र हलत होते; अर्धी कातीत अडकलेली ती अंड्यांना वारा घालतच होती. बराच वेळ. मग तेही थांबलं.

“मी मारल्या,” मावशी म्हणाली. “सगळ्या मीच मारल्या. तुम्ही सांगत होता आणि मी तुमचं तोंड पुसत बसले.”

तो तिच्याकडे बघत होता.

“रागावलात का?”

हो म्हणणं त्याला येत नव्हतं आणि नाही म्हणणंही. त्यानं तोंड उघडलं, आणि काही न बोलता मिटलं. मनगटावरचा हात तसाच होता. तो अजून अडवण्यासाठी होता, की दुसऱ्या कशासाठी, हे तिला त्याच्या चेहऱ्यावरून वाचता येईना. आत गॅस चालूच राहिला होता. पाणी आटून भांडं जळल्याचा वास बाहेरच्या खोलीत येऊ लागला. उठायला हवं होतं. मावशीला ते समजत होतं, आणि तिला उठता येत नव्हतं.