डब्याला गवसणी

माझ्या धाकट्या दिरांना घरात सगळे बॅकअप म्हणतात. लिफ्टची दुरुस्ती हा त्यांचा धंदा. एक दोर तुटला तर दुसरा हवाच, हे ते तिथं शिकले आणि घरी येऊन आम्हाला शिकवत बसले. बॅगेत दोन छत्र्या, खिशात दोन चष्मे, घराच्या किल्ल्यांचे दोन जुडगे. दोन्ही जुडगे एकदम हरवण्याचा पराक्रमही त्यांचाच. "वहिनी, कुठलीही गोष्ट दोन असावी," हे ऐकून माझे कान किटले आहेत. बायको मात्र एकही नाही, असं मी एकदा म्हटलं, तेव्हा दोन दिवस अबोला धरला होता.

हॉलमधल्या कपाटात तो काळा डबा त्यांनीच आणून ठेवला. आत चार हार्ड डिस्क. एक मेली तरी उरलेल्या तिघी तिचं काम सांभाळून घेतात, म्हणे. मी अंध मुलांच्या वाचनालयासाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते. "कंप्युटरवर कशाला ठेवता? जागा अडते. डब्यात टाका आणि निर्धास्त झोपा," असं म्हणून त्यांनी माझी सगळी रेकॉर्डिंगं तिकडे हलवली. त्यात एक जाडजूड कादंबरी होती. घसा बसेपर्यंत कित्येक महिने वाचली होती ती मी. सोमवारी ती वाचनालयाला द्यायची होती, मुलं फोन करकरून विचारत होती. आणि शुक्रवारी डबा बोंबलायला लागला.

एक डिस्क गेली होती. भावोजी चक्क खूश झाले. "यासाठीच तर घेतला होता हा! बघा आता गंमत."

गंमत अशी झाली, की त्यांनी नवी डिस्क आणून बसवली आणि डब्यानं ती नाकारली. डिस्क लहान आहे, असं स्क्रीनवर आलं. त्यांनी ती काढली, फुंकर मारली, परत घातली. लहानच. डबा बंद करून चालू केला. तरी लहानच. जुन्या आणि नव्या डिस्कवरचा आकडा तर एकच होता. शेवटी दुकानदाराला फोन केला.

"आकडा सारखा असला तरी आत नखभर फरक असू शकतो म्हणे."

"मग हे आधी नाही विचारायचं?"

"वहिनी, चप्पल घेताना आपण नंबर बघतो की पट्टी घेऊन मोजतो?"

"घालून बघतो," मी म्हणाले.

शनिवारी सकाळी मोठी डिस्क आली. ती डब्याला पटली. जुन्या तीन डिस्कवरून हिशेब लावत नवी भरायला लागली, टक्का टक्का करत. "संध्याकाळपर्यंत कुणी हात लावायचा नाही," असं बजावून भावोजी कामावर गेले, कुठंतरी लिफ्ट अडकली होती. डबा दिवसभर गुरगुरत राहिला. दुपारी मी जरा पडले होते, तर पुन्हा ती बोंब.

धावत जाऊन बघते तो डबा अंगरखा घालून बसलेला. लोक आकाशाला गवसणी घालायला निघतात, आमच्या सासूबाई मिक्सरला, प्रिंटरला, रिमोटला घालतात. ही जुन्या रजईची होती, चांगली कापूस भरलेली, वर नाड्यांची गाठ मारलेली. ती ओढून काढली तर खालचा डबा तव्यासारखा तापलेला. दुसरी डिस्क मेली होती.

"गुरगुरत होता बिचारा," आई म्हणाल्या. "आणि धूळ किती बसते त्याच्यावर."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतक्या वर्षांत आईंना कधी बोलले नाही ते सगळं बोलून घेतलं.

भावोजी आले. बराच वेळ खटपट केली, मग स्क्रू-ड्रायव्हर हातात धरून फरशीवरच बसले. दोन डिस्क गेल्यावर त्या डब्यातून काही निघत नाही, म्हणाले.

"बरं, दुसरी प्रत कुठे आहे?" मी विचारलं.

"चार डिस्क होत्या ना, वहिनी."

"त्या एकाच डब्यात होत्या. दुसरा डबा कुठे आहे?"

त्यांच्या खिशातले दोन्ही चष्मे माझ्याकडे बघत होते. "नाही," ते म्हणाले. एरवी मी त्यांना सोडलं नसतं. पण मला रडूच कोसळलं. त्या मुलांना काय तोंड दाखवू?

आई उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि आपला छोटा रेडिओ घेऊन आल्या. त्याच्या कुशीत एक पेन ड्राइव्ह खोचलेला होता. मोतीबिंदूमुळे त्यांना वाचता येत नाही, म्हणून डब्यातली ती कादंबरी त्या दुपारी टीव्हीवर लावून ऐकतात, एवढं मला माहीत होतं. त्यांनी बटण दाबलं आणि माझा आवाज घरभर झाला.

"हे कुणी भरून दिलं?" भावोजी उडालेच.

"नातीनं. मी सांगितलं तिला."

"पण टीव्हीवर लागते की तुला!"

"तूच म्हणतोस ना, कुठलीही गोष्ट दोन असावी?"

शेवटची दोन प्रकरणं तेवढी त्यात नव्हती, ती मी नंतर वाचली होती. ती रविवारी मी चरफडत पुन्हा वाचायला बसले. भावोजी दुसरा डबा आणायला गेले होते. निघताना आईंनी त्यांना त्याची मापं आणायला सांगितली, तेव्हा मी नुसता कपाळावर हात मारून घेतला.

थोड्या वेळानं आईंनी दार किलकिलं केलं. "आत येऊन बसू का? तिचं पुढं काय झालं ते ऐकायचं राहिलंय माझं."

मी खुर्ची पुढे केली. कालच्या बोलण्याची माफी मागायला तोंड उघडलं, तर त्याच बोलल्या.

"तिसऱ्या प्रकरणात तू शिंकली आहेस."

"हो का? काढून टाकते, आई."

"नको गं, माझ्या रेडिओतली राहू दे," त्या म्हणाल्या. "तिथं आलं की वाटतं, आपलीच सून वाचतेय."