सव्वा रुपयाची लेक

माझं अक्षर कोंबडीच्या पायांसारखं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ चौथीतच सुटलं. माफी असावी. वही कपाटात साड्यांखाली राहणार, तेव्हा माफी साड्यांकडेच मागते म्हणायची.

लेक सातव्या महिन्यात झाली, मांजराच्या पिल्लाएवढी. बरेच दिवस काचेच्या पेटीत होती. घरी आणल्यावर सासूबाई म्हणाल्या, "आपली म्हणून ठेवली तर नजर लागेल. विकून टाका." आमच्यात तशी रीत होती. शेजारच्या मासळीवाल्या मावशीने पोर सुपात घेतली, माझ्या हातावर सव्वा रुपया ठेवला आणि पोर सांभाळायला परत मलाच दिली. मूल जगून मोठं झालं की पैसे देऊन सोडवायचं असतं. आम्ही साफ विसरलो.

मावशी विसरली नाही. बोंबील देताना म्हणायची, "माजी पोर बारीक झाली गो. नीट खायला घाल, नायतर घेऊन जाईन." आम्ही हसायचो. लेकही हसायची.

नववीत तिचं हसणं थांबलं. शाळेला निघाली की उंबऱ्यातच छाती धडधडायची, हात गार पडायचे. मी तिला ऑक्टोबरच्या उन्हातही स्वेटर चढवायची. शेवटी तिची शाळा बंदच झाली. डॉक्टर म्हणाले, हृदय ठणठणीत आहे, ही मनातली धास्ती. लवकर जन्मलेल्या काही मुलांना या वयात होते. मनातलं बोलायला एका समुपदेशक बाईंकडे पाठवलं. मला म्हणाले, "आणि तुम्ही तो स्वेटर काढा."

बाईंकडे जाऊ लागल्यावर एकदा जेवताना लेक म्हणाली, "आई, मी जगणार नाही असं वाटलं म्हणून विकलंस ना? मग अजून सोडवलं का नाहीस? अजून तसंच वाटतं?"

"अगं, नाही गं! विसरलो!"

"विसरलात?" ती बघतच राहिली. मग जी हसत सुटली, ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

मी पैसे घेऊन उठले. तिने ते काढून घेतले. "मला मीच सोडवणार. तू घरी बस."

मावशी मासळी घेऊन बसायची त्या पापडी गावच्या बाजारापर्यंत, एकटी! मी घरी बसले असं लिहिलं तर साड्याही हसतील. स्वेटर पदराखाली लपवून मागोमाग गेले. कोपऱ्यावर ती थांबली. भिंतीला हात टेकून, बाईंनी शिकवला तसा सावकाश श्वास घेत राहिली. माझे पाय पुढे धावत होते, मी त्यांना धरून ठेवलं. ती पुन्हा चालू लागली.

मावशीने टोपलीवरून मान वर केली. "सव्वा रुपया? आन इतकी वर्सं कालजी केली, तिचं व्याज?"

"ते आईकडून घ्या," लेक म्हणाली. "मागे उभी आहे, स्वेटर घेऊन."

मावशीने नाणी कपाळाला लावली आणि कमरेच्या पिशवीत टाकली. "जा गो, सुटलीस."

सव्वा रुपया पुरता फिटला.