विजेचा मासा आणि एकच पास

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, पण माझ्या शेतकरी वडिलांना मासा ठाऊक होता तो रश्श्यातलाच. हृदयाचे ठोके बिघडले म्हणून त्यांना नागपुरात धंतोलीतल्या दवाखान्यात भरती केलं, तेव्हा करमणूक म्हणून मी त्यांना मोबाइलवर विजेच्या माशाचा व्हिडिओ दाखवला. दक्षिण अमेरिकेच्या नदीतला, सापासारखा लांबलचक. बाबांनी तो पुन्हा पुन्हा लावायला सांगितला.

“एवढा करंट ह्या मासोळीत येते कुठून वं?”

झालं, मी वर्ग भरवला. या पेशी मुळात स्नायूंच्याच, पण त्यांनी आखडणं-सैलावणं सोडलं आणि वीज करायला घेतली, असं सांगितलं.

“म्हणजे काम सोडलं अन् झटके देऊन राहिले. आपल्या गावात लय आहेत असे.”

शेजारच्या खाटेवरचे काकाही हसले. मला हुरूप आला. चपट्या पेशी, भाकरीच्या चवडीसारख्या एकीला एक लागून. मेंदूचा निरोप आला की प्रत्येक पेशीच्या एकाच बाजूची दारं उघडतात, मिठातल्या सोडियमचे भारित कण आत घुसतात आणि क्षणभर वीज तयार होते. एकीची वीज अगदीच क्षुल्लक. हजारोंची बेरीज झाली की मात्र धडधाकट माणूस कोलमडतो. अट एकच, सगळ्यांनी एकाच क्षणी पेटायचं. मागेपुढे झालं की सगळं पाण्यात.

बाबा विचारात पडले. “डोक्याजवळच्या पेशीले निरोप आधी भेटन. शेपटीकडची मागं राहीन. मग एकदम कशा?”

“जवळच्या पेशींचा निरोप वाटेत मुद्दाम रेंगाळतो, बाबा. लांबच्यांचा पोचेपर्यंत.”

“म्हणजे जवळचा थांबते,” ते म्हणाले आणि खिडकीकडे बघत राहिले.

आम्ही तिघं भावंडं. दादा कळमेश्वरजवळच्या गावी शेती बघतो, धाकटा पुण्याला नोकरीला, आणि मी बेसाला, म्हणजे सगळ्यांत जवळ. दवाखान्यात पेशंटमागे पास एकच मिळायचा, म्हणून मी पाळ्या लावल्या होत्या. दादा दिवसा, मी कॉलेज सुटल्यावर, धाकटा सुट्टीला. ज्याची पाळी संपली त्याने खाली येऊन गेटवर पास दुसऱ्याच्या हातात द्यायचा, गोळ्यांचं दोन वाक्यांत सांगायचं आणि गाडी काढायची. नातेवाईक म्हणायचे, पोरं असावीत तर अशी. मलाही ते खरं वाटायचं. बाबा एकटे कधी नसायचे. पण त्यांच्याजवळ एकावेळी एकच जण असायचा.

त्यांचं मागणं एवढंच होतं. “तिघंबी एकदा सोबत बसा ना माह्याजवळ.” प्रत्येकाला वेगवेगळं सांगून झालं होतं, आणि प्रत्येकाने एकच उत्तर दिलं होतं, घरी आल्यावर बसू.

त्या शनिवारी धाकटा पुण्याहून येऊन खाली उभा होता. दादाही कामाने नागपुरातच होता. मी पर्स उचलली.

“थांब ना थोडी. दादाले फोन लाव, तो बी येईन.”

“वर एकालाच सोडतात, बाबा. नियम आहे त्यांचा.”

“विचारून तं पाय.”

“उद्या विचारते,” मी म्हणाले. घरी पेपरांचा गठ्ठा होता. खाली जाऊन धाकट्याच्या हातात पास दिला आणि निघाले.

रविवारी सकाळी धाकट्याचा फोन आला. बाबा गेले होते. दादा आणि मी पोचलो तेव्हा तो गेटवर येऊन उभा होता. त्याने सवयीने पास पुढे केला. गेटवरच्या माणसाने आम्हा तिघांकडे पाहिलं, हातानेच राहू द्या म्हणाला आणि दार धरून उभा राहिला. आम्ही तिघंही वर गेलो, बाबांच्या दोन्ही बाजूंना बसलो. जागा पुरली.

अजूनही काही कामाने धंतोलीत जाणं होतं. गेटवर तोच माणूस असतो. त्या शनिवारी विचारलं असतं तर तिघांना सोडलं असतं का, असं त्याला विचारावंसं वाटतं. विचारत नाही. तो हो म्हणाला तर काय करू?