तापलं म्हणजे तगलं

गाव सोडलं त्या सकाळी माणदेशातल्या आमच्या फाट्यावर एसटी थांबली, तेव्हा आईच्या काखेत दोन दिवसांचं करडू होतं. लेकीला निरोप द्यायला आलेली ही बाई रडायचं सोडून त्याचे कान चाचपत होती. "आजारी करडू तापत न्हाय गं, गार पडतं," ती म्हणाली. "थोडं मोठं झालं की तापाय लागतं. तापलं म्हणजे तगलं." सासरी जाताना मला एवढाच उपदेश मिळाला.

नवरा बडोद्याजवळ बाजव्याला रिफायनरीत, बिऱ्हाड शहरात फतेगंजात. पहिलं वर्ष मी कुणाला उलटून बोलले नाही. भाजीवाला देईल ते घ्यायचं, शेजारीण विचारेल त्याला मान हलवायची. गावाकडे सगळे म्हणायचे, पोरगी शहाणी झाली. शहाणी कसली, मी गार पडले होते.

बाळंतपण बडोद्यातच झालं, कारण आईच्या शेळ्या व्यायला आल्या होत्या. लेक बारा दिवसांची असताना सकाळपासून दूध घेईना. शेजारच्या कोकिलाबेननी दारातून विचारलं, "बेबीने ताव नथी ने?" मला वाटलं, पोरगी दुधावर ताव मारत नाही ना, असं विचारताहेत. मी म्हटलं, "नथी, नथी." "तो चिंता नहीं," म्हणून त्या निघूनही गेल्या. पोर उपाशी आणि चिंता नाही? माझा संताप झाला. नवरा म्हणाला, अगं, गुजरातीत ताव म्हणजे ताप. त्याने थर्मामीटर लावला. ताप खरंच नव्हता, म्हणून तोही निर्धास्त झाला.

मला फाट्यावरचं करडू आठवलं. लेकीचा कान गार होता, पावलं गार होती, पोटसुद्धा गार. तिला छातीशी धरून रिक्षा गाठली. डॉक्टर म्हणाले, बरं झालं लगेच आणलंत. इतक्या कोवळ्या अंगाला कधी कधी ताप आणता येत नाही, आजार गारव्यातूनच कळतो. जंतुसंसर्ग होता. ते आठ दिवस कसे काढले ते अजून सांगवत नाही.

दहाव्या महिन्यात तिचं अंग पहिल्यांदा कढत झालं. औषध दिलं, आणि आईला फोन करून हसत सुटले. कोकिलाबेनना वाटलं, बिचारीचं डोकं फिरलं.

आता लेक शाळेत जाते आणि अंग तापलं की "मम्मी, ताव आव्यो" म्हणते. मला तो शब्द मनात मराठीत करून घ्यावा लागत नाही.

परवा आईशी फोनवर बोलता बोलता भाजी घेत होते. भाजीवाल्याने पिशवीत दोन सडके टोमॅटो सरकवले. मी त्याला अस्सल गुजरातीत असा झाडला की गल्ली बघत राहिली. आईला त्यातलं अक्षर कळलं नसणार.

"तापलीस व्हय गं?" तिने विचारलं.

"हो."

"मग तगलीस."