उलटा जोडलेला भोंगा

आईच्या स्वरतंतूंवर गाठी आल्या तेव्हा डॉक्टरांनी महिनाभर बोलायचं नाही असं बजावलं. कुजबुजायचंही नाही. इतवारी बाजारातल्या धान्याच्या गोदामांत निवडणीचं काम करणाऱ्या बायांना एकत्र आणता आणता तिचा गळा झिजला होता. गोदामात प्यायला पाणी मिळावं म्हणून दुसऱ्या दिवशी सभा होती आणि ती पुकारायला कोणी नव्हतं. मी सभांची पत्रकं लिहीतच वाढले. लिहिताना मालकाच्या बापाला भीत नाही, पण माइक हातात आला की माझी वाचा बसते. शिवाय थकले होते. दवाखाना, छपाई, आणि वर रेकॉर्ड केलेल्या आवाजांच्या एका प्रदर्शनासाठी कबूल केलेलं काम.

त्या कामासाठी मी आईचा जुना भोंगा घेतला. त्याची वायर ॲम्प्लिफायरमधून काढून रेकॉर्डरला जोडली की भोंगाच माइक होतो. आतला पातळ पडदा बाहेरच्या आवाजाने थरथरतो. गल्लीने आजवर आमचं ऐकलं, आता आपण तिचं ऐकू, एवढीच कल्पना. भोंगा खिडकीत ठेवला, रेकॉर्डर सुरू केला आणि स्वयंपाकाला लागले.

संध्याकाळी हेडफोन लावले. हातगाड्या, टेम्पोचे हॉर्न, सगळं पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं. मग बाया. भोंगा दिसला म्हणजे पुकारा होणार, असं समजून त्या खाली थांबल्या होत्या.

"काहून वं, माय काही बोलून नाही राहिली?"

"भोंगा बिघडला असन."

"भोंगा कायले बिघडते? गळा बसला तिचा."

"मंग सेठची दिवाळीच आहे."

सगळ्या हसल्या. मग एक म्हणाली, "म्हणजे उद्या सभा नाही ना? मी पोरीकडे जातो मंग."

मी हेडफोन आईच्या कानांवर चढवले आणि ते रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. शेवटच्या वाक्याला तिने बोलायला तोंड उघडलं. मी हात आडवा धरला. तिने तो बाजूला सारला, पण शब्द गिळला आणि खिडकीतून खाली पाहिलं; काही बाया अजून गल्लीत होत्या. रेकॉर्डरमधली वायर उपटून ॲम्प्लिफायरला जोडली आणि पत्रक माझ्या हातात दिलं. मीच लिहिलेलं.

अंगात त्राण नव्हतं. हे असंच चालायचं, एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात, असं वाटून आणखीच गळून गेले. तरी माइक धरला. लिहिताना धारदार वाटलेली वाक्यं एका श्वासात मावेनात. दुसऱ्या ओळीलाच कागद खाली ठेवला आणि नुसतं सांगितलं, सभा आहे, उद्याच आहे, पाण्यासाठी आहे.

खालून विचारणा झाली, "हे कोण व्हय वं?"

"पोरगी आहे तिची."

"जोरात बोल म्हणा तिले. आयकूच नाही येऊन राहिलं."

आईने ॲम्प्लिफायरचा आवाज वाढवला आणि मला खूण केली, पुन्हा पहिल्यापासून.