पडद्यामागचा ण

विरारला चंदनसारच्या रस्त्यावरच्या त्या दवाखान्याच्या पाटीवर ‘निर्सगोपचार केंद्र’ असं लिहिलेलं होतं. ‘ग’वरचा रफार ‘स’वर जाऊन बसला होता. पक्षाघाताने उजवी बाजू गेलेल्या बापाला रिक्षातून उतरवताना माझं पहिलं लक्ष त्या रफाराकडे गेलं, यावरून मी कशी बाई आहे ते कळावं. मी प्राथमिक शाळेत मराठी शिकवत होते. दुकानांच्या पाट्या, लग्नपत्रिका, देवळातल्या सूचना, माझ्या तावडीतून काही सुटत नसे. नवरा म्हणायचा, "हिला न्यायला यम आला तरी ही आधी त्याचं शुद्धलेखन तपासेल." आम्ही हसायचो.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. तळमजल्यावरचे दोन फ्लॅट मधली भिंत पाडून एक केलेले, असा तो दवाखाना. डावीकडे बायका, उजवीकडे पुरुष, मधे एक लाकडी बाक. गुडघेवाले, पित्तवाले, कंबर धरलेले लोक यायचे. कुणाच्या पोटावर ओल्या मातीची पट्टी, कुणी वाफेच्या पेटीत बसलेलं आणि फक्त डोकं बाहेर. सगळीकडे तिळाच्या तेलाचा वास. पुरुषांच्या बाजूला जाड हिरवा पडदा होता आणि त्याच्या आत बायकांना मज्जाव. त्यामुळे मी आपली बाकावर. आत काय चाललंय ते मला फक्त ऐकू यायचं.

डॉक्टरीणबाई साताऱ्याकडच्या, स्पष्ट बोलणाऱ्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "अर्धांगवायू आम्ही बरा करत नाही. हॉस्पिटलच्या गोळ्या चालूच ठेवा. मालिशने आखडलेलं अंग सैल होईल, झोप लागेल, तेवढंच." मी मान डोलावली. पण मला हाताचं आणि पायाचं एवढं नव्हतंच. हात राहिला असता तसाच, तर मी भरवलं असतं जन्मभर. बापाने बोलावं, हे मला हवं होतं. माझ्याशी, एक तरी सबंध वाक्य.

त्याला कारण होतं. आमचं मूळ घर नायगावच्या खाडीकडचं. बापाने सगळी हयात मिठागरात काढली. आमच्या घरात ‘ण’ नव्हताच. पानी, लोनी, कोन आला, कोन गेला. बापाला आम्ही ‘बा’ म्हणायचो. मी डी.एड.ला गेले आणि ‘ण’ घेऊन घरी आले. मग ‘बा’चे ‘बाबा’ केले. त्यांना आधी गंमत वाटली. शेजारच्यांना सांगायचे, पोरगी आता मना दोनदा बा बोलते. पुढे मी त्यांचा शब्द न् शब्द दुरुस्त करायला लागले, तेव्हा गंमत संपली.

माझ्या लग्नाच्या बोलणीला सासरची माणसं यायची होती. कोकणातून मुंबईला नोकरीसाठी आलेली, स्वच्छ बोलणारी. मी स्वयंपाकघरात बांना गाठून म्हणाले, "बाबा, तुम्ही जास्त बोलू नका. नुसतं हो म्हणा." त्यांनी तसंच केलं. आणि फक्त त्या दिवशी नाही. आई गेल्यावर ते आमच्या विरारच्या फ्लॅटमध्ये राहायला आले, तेव्हाही त्यांच्या तोंडून तीनच शब्द निघायचे: हो, नको, बरं. मला वाटायचं, स्वभावच अबोल झाला म्हाताऱ्याचा. या तिन्ही शब्दांत ‘ण’ नाही, हे माझ्या इतकी वर्षं लक्षात आलं नाही. मराठीची शिक्षिका मी!

झटक्यानंतर महिन्याभराने त्यांच्या तोंडून थोडेथोडे आवाज यायला लागले. मी लगेच पाटी-पेन्सिल घेऊन बसले. रोज सकाळी शाळेत जायच्या आधी अर्धा तास. "पाणी म्हणा, बाबा."

"पा... नी."

"नी नाही. णी. जीभ वर वळवा. टाळूला लावा. हं, पाणी."

"पा... नी."

तीन आठवडे हे चाललं. शेवटी ते माझ्यासमोर तोंडच उघडेनात. मी पाटी काढली की भिंतीकडे बघायचे. मी दवाखान्यात जाऊन डॉक्टरीणबाईंना गंभीरपणे सांगितलं, "बाकी अक्षरं जमतायत. पण त्यांचा ण गेलाय." त्या बिचाऱ्यांनीही केसपेपरवर तसं लिहून घेतलं.

मालिश करणारा माणूस पंचावन्न-साठीचा असेल. खाडीकाठच्याच कुठल्यातरी गावचा. त्याची एक पद्धत होती. पेशंट स्वतः ‘हां’ म्हणाल्याशिवाय तो अंगाला हात लावायचा नाही आणि ‘बस’ म्हणाल्याशिवाय थांबायचा नाही. ज्याची वाचा गेली आहे त्याच्यासमोरही हाच हट्ट. मी बाकावरून ऐकायचे. "दादूस, हात लावू का? तुमी हां बोलल्याबिगर मी लावनार नाय." मग शांतता. पंख्याचा आवाज. पाच मिनिटं, सात मिनिटं. मला चीड यायची. आणि मग कुठूनतरी बांचा घोगरा ‘हां’ यायचा.

त्याची सुरुवात नेहमी तळपायापासून. चौथ्या-पाचव्या दिवशी आतून आवाज आला, "आगरान काम केलाय ना तुमी? मी पन केलाय लहानपनी. टाच सांगते." आगर म्हणजे मिठागर. हा शब्द मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. मग त्याने विचारलं, "आगरान पानी कंदी घेत व्हते?"

बराच वेळ गेला. आणि बा बोलले. "पुन... वंला." मग दम खाऊन, "आवसंला."

"बरोबर. उधानाला," तो म्हणाला आणि तेल चोळत राहिला, जसं काही झालंच नव्हतं.

दोन महिन्यांतले ते पहिले खरे शब्द. पौर्णिमा-अमावास्येला समुद्राला उधाण येतं, तेव्हा ते पाणी मिठागरात घ्यायचं. मला रडू फुटायला हवं होतं. पण माझ्या मनात पहिल्यांदा काय यावं? ‘पुनवेला नाही, पौर्णिमेला.’ देवाशपथ सांगते, हेच आलं. रडू त्याच्यानंतर आलं. शिवाय हेवाही वाटला. माझ्यासमोर भिंतीकडे बघणारा माझा बाप एका परक्या माणसाशी बोलत होता, आणि मी पडद्याबाहेर.

त्याच आठवड्यात तो हात पुसत बाहेर आला. डॉक्टरीणबाईंनी त्याला केसपेपर वाचून दाखवला असावा. "बाय," तो मला म्हणाला, "डॉक्टरीन बोलते, दादूसचा बानातला न गेला. गेला? पन व्हता कंदी?"

त्याने फडकं खांद्यावर टाकलं.

"मना पन येत नाय. मना काय झटका आलाय?"

डॉक्टरीणबाई आधी हसल्या आणि मग माझं तोंड बघून थांबल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लाज वाटली, त्या माणसाचा रागही आला. ज्या घरात मी जन्मले, वाढले, त्या घरात कुणाच्या तोंडात ते अक्षर नव्हतं हे मी साफ विसरले होते. आपल्या जिभेवर ‘ण’ बसला म्हणजे तो सगळ्यांच्या जिभेवर पहिल्यापासून होता, असं मी धरून चालले होते. आजारी बापाकडे मी त्याच्यापाशी कधीच नसलेली वस्तू मागत बसले होते.

पाटी कपाटात गेली. मी ठरवलं, आता आपण त्यांच्यासारखं बोलायचं. पण तेही सोपं नव्हतं. बाकावर बसून मी पुटपुटायचे, ‘बा, पानी पायजे?’ आणि जीभ आपोआप वर जायची. इतक्या वर्षांचं वळण. त्यातून कुणी ऐकलं तर, ही भीती. शेजारी मातीच्या पट्टीसाठी थांबलेल्या एक बाई माझ्याकडे चमत्कारिक नजरेने बघायच्या. त्यांना वाटत असेल, हिचाच इलाज आधी करायला हवा.

पडद्यामागे मात्र आता आगराच्या गप्पा ऐकू येत नव्हत्या. नुसती कुजबुज. मधेच बांचा खोकला, मधेच त्या माणसाचा "परत, परत". मला वाटलं, पायाचा व्यायाम करून घेत असेल.

एका रविवारी दुपारी मी गॅलरीत बसून बांची नखं कापत होते. ऊन उतरलं होतं, घरातले सगळे आडवे झाले होते. ऐकणारं कुणी नाही असं बघून मी धीर केला. "बा," मी म्हणाले, "पानी पायजे?"

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. मग तोंड उघडलं. आत जीभ वर जाताना मला दिसत होती. हनुवटी थरथरत होती, डाव्या हाताने त्यांनी खुर्चीचा दांडा घट्ट धरला होता, ओठांच्या कडेने लाळ उतरत होती. पुष्कळ वेळ लागला. मग ते म्हणाले, "पाणी."

स्वच्छ. माझ्या वर्गातल्या पोरांनाही जमत नाही इतका स्वच्छ ‘ण’.

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "शाब्बास!" पहिलीतल्या मुलाला म्हणावं तसं, त्याच सुरात.

त्यांनी अर्ध्या ओठांनी हसल्यासारखं केलं. मी पाणी आणलं, ते प्यायले. मी उरलेली नखं कापली. आता आपलं जमणार, असं मला वाटलं. उद्यापासून त्यांना आईबद्दल विचारायचं, आगराबद्दल विचारायचं, त्या बोलणीच्या दिवसाबद्दल माफी मागायची, असं मी मनात धरलं.

बुधवारी दुसरा झटका आला. त्यानंतर शब्द नाही की खूण नाही. पाचव्या दिवशी बा गेले.

तेरावं झाल्यावर मी दवाखान्यात गेले, त्यांचा पंचा तिथेच राहिला होता. त्या माणसाने तो धुऊन, घडी घालून ठेवलेला. बाकावर माझ्या शेजारी बसला. म्हणाला, "शेवटी शेवटी दादूस मना अंगाला हात लावून देत नव्हता. पयली जीभ, मंग अंग. तो बानातला न शिकव, बोलायचा. मना येत नाय तर त्याला कसा शिकवू? मंग डॉक्टरीनला विचारला, जीभ कशी लावायची. दोघं बसून शिकलो." मग थांबून, टाळूला जीभ लावून, तो सावकाश म्हणाला, "पाणी. बघ, मना पन आला."

मी विचारलं, "का शिकायचंय ते बोलले होते?"

"बोलला ना. ‘पोरीला लागते.’ येवढाच."

"आणखी काही? माझ्याबद्दल, घराबद्दल?"

"नाय बाय. पयले आगराचा बोलायचा, तुझे आयसचा बोलायचा. मंग ते सोडून दिला. जेवढा दम व्हता, तो सगला त्यातच गेला."

मी पंचा पिशवीत ठेवला आणि उठले. त्यांनी माझ्याशी बोलावं म्हणून मी त्यांना तिथे नेलं होतं. ते बोलले. उरलेला सगळा दम घालून, एकच शब्द, माझ्या भाषेत. आणि मी त्यांना शाब्बासकी दिली.