पेरूचा जामीन

आणीबाणीच्या आधी मी भिवंडीत शाळामास्तर होतो, तेव्हा शेजारच्या खोलीत पॉवरलूमवर काम करणारे एक काका राहत. शिफ्टभर खडखडाट सोसून आल्यावर ते इतकं हळू बोलत, की ऐकायला जवळ सरकावं लागे. मागच्या अंगणातल्या तुतीशी, फालशाशी, डाळिंबाशीही ते असंच बोलत. सगळी झाडं लगडत, पेरू तेवढा फळत नव्हता.

एका सकाळी त्यांनी मला अंगणात बोलावलं. हातात कोयता होता. न फळणाऱ्या झाडाला धाक घालायची रीत असते; एकाने तोडायला धावायचं, दुसऱ्याने झाडाच्या वतीने विनवायचं.

"मास्तर, तुम्ही झाड व्हा. बी.ए. झालेला मानूस हाय, शब्दाला वजन हाय."

आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. मला तो मानच वाटला. मी हसत पेरूला टेकून उभा राहिलो.

"फळ देतोस का तोडू?"

"नका तोडू, पुढच्या वर्षी नक्की देतो."

"बघ हां."

ते झाडाकडे बघतच नव्हते. माझं हसू विरलं.

पुढच्या वर्षीही पेरूला फूल आलं नाही. "काका, झाडानं फसवलं," मी म्हणालो.

"झाड कुठं काय बोललं होतं?"

दुसऱ्या दिवशी दार उघडलं, तर ते उंबऱ्याशी उकिडवे बसलेले. त्यांनी तांब्यातलं पाणी सावकाश माझ्या पायांवर ओतलं आणि मायेनं म्हणाले, "आनखी एक वर्ष बघतो तुझी वाट."